नावाड्याला बंदी

४ फेब्रुवारी

आज डोकं फिरलंय. नवरा म्हणाला, "अगं, मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. मला सांगून काय उपयोग? लिहून काढ कुठंतरी." म्हणून बँकेनं फुकट दिलेली ही डायरी उघडली. जानेवारी कोराच गेला, जाऊ दे.

झालं असं, की नावाड्यानं मिरचीला बेटावरून हाकलून दिलं.

बेट म्हणजे कंप्युटरवरचं बेट. रोज संध्याकाळी तीनेकशे माणसं आपापल्या घरी बसून तिथं येतात. घरं बांधतात, बागा लावतात, मासे पकडतात आणि भांडतात. हे बेट नावाड्यानं सुरू केलं. मी तिथं आठ वर्षं आहे आणि बरीच वर्षं मॉडरेटर आहे. म्हणजे भांडणं सोडवायची, आणि अगदीच वेळ आली तर माणसाला बाहेर काढायचं. तिथं माझं नाव खारूताई. तिसरा मॉडरेटर कंपास, तो कुठल्याशा शाळेत भूमिती शिकवतो. आम्ही कुणीच कुणाला पाहिलेलं नाही. बाकीचे माइकवर बोलतात, नावाडी मात्र फक्त टाइप करतो, पण असं फर्मास टाइप करतो की वाचत राहावं.

तर मिरचीचा गुन्हा काय? तिनं उत्तरेच्या किनाऱ्यावर मासे पकडले. उत्तरेची बंदी केव्हाच उठली! उठवली कुणी, तर नावाड्यानंच. विचारलं तर मलाच म्हणतो, "उत्तरेला मासे पकडायचे नाहीत, एवढं साधं तुला माहीत नाही?" मी त्याचाच जुना मेसेज काढून त्याच्यासमोर ठेवला. त्यानं लिहिलं, "असेल."

असेल म्हणे! मिरची बिचारी रडवेली झाली होती. तिला मी परत आत घेतलं.

मुळात आमच्याकडे नियम लिहिलेलेच नाहीत. नवा माणूस आला की नावाडी त्याला होडीत बसवतो, बेटाभोवती एक फेरी मारतो आणि गप्पा मारता मारता सांगतो, इथं काय चालतं नि काय चालत नाही. मलाही असंच फिरवलं होतं. त्या दिवशी मी इतकी हसले होते की नवरा स्वयंपाकघरातून बघायला आला. पद्धत गोड आहे, मान्य. पण तीनशे माणसांचा कारभार गप्पांवर कसा चालणार?

७ फेब्रुवारी

दुकानात एक आजोबा आले होते, सोबत सून. मी कानाची मशीनं बसवते, तेव्हा तेच तेच सांगायची मला सवयच आहे. बॅटरी कुठल्या बाजूनं घालायची हे आजोबा परत परत विचारत होते. शेवटी सून कावली. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "असू दे हो. ते काय मुद्दाम विचारतायत का?" तिचे डोळे भरून आले. मालक नंतर म्हणाले, तुझ्यासारखी सोशीक बाई शोधून सापडायची नाही.

संध्याकाळी कंपासशी बोलले. नियम लिहायचे ठरलं, साध्या भाषेत, कुणालाही एका वाचनात कळतील असे. आणि कुणालाही बाहेर काढलं की कारण लिहून द्यायचंच. हाकललेल्या माणसाला आपण का हाकललो गेलो हेही कळू नये, हा कुठला न्याय?

नावाड्याला सांगितलं. तो म्हणाला, "नियम लिहिले की लोक नियम वाचत बसतात, बेट कुणी बघत नाही." हे त्याचं नेहमीचं. मला हसू आलं. पण पुढं लिहितो, "तू नवीन आहेस का इथं? ये, होडीत बस. एक फेरी मारू."

टोमणा! मला! आठ वर्षं ज्याच्या खांद्याला खांदा लावून काम केलं त्यानं मला "नवीन आहेस का" विचारावं? मी उत्तरच दिलं नाही. तो धक्क्याशी होडी लावून किती तरी वेळ थांबला होता. थांबू दे.

१२ फेब्रुवारी

नियम लागले! एकूण नऊ. माझ्या हातचं काम म्हणून सांगत नाही, पण आरशासारखे स्वच्छ झालेत. पहिल्या चुकीला समज, दुसरीला आठवडाभर बंदी, तिसरीला कायमची. प्रत्येक वेळी कारण लिहून. बंदीतला माणूस आत यायला लागला की त्याच्या पडद्यावर ते कारण येतं, जितक्यांदा येईल तितक्यांदा. कायमची बंदी झाली की त्याचं बांधकामही काढायचं. हे कलम कंपासचं. मला जरा कडक वाटलं, पण रिकाम्या घरांचा पसारा होतो हे खरंच आहे.

आणि शेवटचा नियम माझा: हे सगळं मॉडरेटरनाही लागू. कंपास म्हणाला, वा, याला म्हणतात न्याय.

नावाड्यानं सगळं वाचलं की नाही देव जाणे. त्यानं एवढंच लिहिलं, "छान. अक्षर सुंदर आहे हो तुझं."

टाइप केलेल्या मजकुराचं अक्षर सुंदर! मला खिजवण्यात त्याला काय मिळतं कळत नाही.

१५ फेब्रुवारी

लोक खूष आहेत. मिरचीनं लिहिलं, पहिल्यांदाच इथं सुरक्षित वाटतंय. वाचून बरं वाटलं.

२० फेब्रुवारी

नावाड्याला पहिली समज दिली.

एका नव्या मुलीला त्यानं एकाच संध्याकाळी तीनदा होडीतून फिरवलं. दर वेळी नव्यानं ओळख करून घेतली, दर वेळी नियम वेगळे सांगितले. ती कंटाळून होडीतून उतरली, तर हा रागावला आणि तिला बाहेर काढून मोकळा. कारण? लिहिलंच नाही. आधी हा असा नव्हता. कुणी शिवी दिली तरी हा त्याला मासे द्यायचा.

समज लिहिताना मला वाईट वाटलं, पण लिहिली. त्याचं उत्तर आलं, "बरं." नुसतं बरं. निदान भांडला असता तर मलाही चार शब्द बोलता आले असते.

२७ फेब्रुवारी

दुसरी चूक. चांगल्या वागणाऱ्या दोघांना बाहेर काढलं. का, तर "ओळखीचे वाटत नाहीत" म्हणून. आठवडाभर बंदी. आणि त्याचे मॉडरेटरचे अधिकार काढून घेतले.

बंदी घालण्याआधी मी त्याला नीट विचारलं, तुला काही म्हणायचंय का? तर लिहितो, "चिऊ, आलीस का गं? जेवलीस?"

खारीची चिऊ केली. मी इतक्या गंभीरपणे बोलतेय आणि याला पोरकटपणा सुचतोय. कंपास म्हणाला, तो मुद्दाम तुला लहान लेखतोय, बाईनं नियम केलेले खपत नाहीत काही जणांना. असेलही.

नवऱ्याला सांगितलं. तो पहाटे बेकरीत जातो, त्यामुळे संध्याकाळी अर्धा झोपेतच असतो. डोळे मिटूनच म्हणाला, "किती वर्षांचा आहे हा माणूस?"

"माहीत नाही. असेल माझ्याएवढा."

"फोन करून बघितलास?"

"अरे, आमच्यात असं फोनबिन करत नाहीत."

"बरं बाई," म्हणाला आणि घोरायलाच लागला.

२ मार्च

कुणी आत यायचा प्रयत्न केला की आम्हाला नोंद दिसते. नावाडी दिवसातून दहा-दहा, बारा-बारा वेळा प्रयत्न करतोय. अरे, बंदी आहे असं समोर स्वच्छ लिहिलेलं असताना दार ठोठावत राहायचं? हट्टाला पेटलाय नुसता.

८ मार्च

आज जे झालं ते लिहायलाही नको वाटतंय.

बंदी संपली आणि नावाडी आत आला. कुणाशी बोलला नाही. सरळ मिरचीच्या बागेत गेला आणि अख्खी बाग उपटली. दोन वर्षं लावत होती ती. फुलांचं नुसतं रान केलं होतं तिनं, लोक तिथं बसायला यायचे. मी पोचले तेव्हा काळी माती उरली होती आणि हा मधोमध उभा.

"हे काय केलंस?" मी ओरडलेच. लिहून ओरडता येतं तेवढं.

"तण फार माजलं होतं," तो म्हणाला. "सकाळपासून काढतोय. आता बघ कसं स्वच्छ दिसतंय."

मिरची माइकवर हमसून हमसून रडत होती. कंपासनं मतदान घेतलं. एकही हात नावाड्याच्या बाजूनं नाही. माझाही नाही.

कारण मी लिहिलं. कुणी म्हणू नये की संदिग्ध लिहिलं, म्हणून वाक्यं छोटी ठेवली: "तुम्हाला या बेटावर कायमची बंदी घातली आहे. तुम्ही तीन वेळा नियम मोडले. तुम्ही निरपराध माणसांना बाहेर काढलंत. तुम्ही दुसऱ्याची बाग नष्ट केलीत. बेटावरच्या सर्वांनी मिळून हा निर्णय घेतला आहे. तुम्हाला परत येता येणार नाही."

कंपास म्हणाला, नमुना म्हणून ठेवण्यासारखं आहे.

मला जेवण गेलं नाही.

१० मार्च

नावाड्याचा धक्का काढला. होडीही गेली, आणि कडेची ती वेडीवाकडी झोपडी. कंपास एकेक फळी काढत होता आणि मी बघत होते. बेट सुरू झालं तेव्हा तिथं तेवढंच होतं म्हणे, धक्का आणि होडी. आता तिथं नुसता किनारा आहे. नियम म्हणजे नियम. पण मला खूप वाईट वाटलं, उगाच कशाला खोटं लिहू.

१९ मार्च

नावाडी अजून रोज येतोय. सकाळी, दुपारी, परत संध्याकाळी. माणसाला काही लाजलज्जा? मी नोंदी बघायचंच सोडून दिलंय.

२४ मार्च

एका नव्या नावानं कुणीतरी आत आलं आणि माइकवर विचारलं, "खारूताई कोण आहे? मला दोन मिनिटं बोलायचंय."

बाईचा आवाज होता, दमलेला. आम्ही एका बाजूला गेलो.

"मी नावाड्याची मुलगी," ती म्हणाली. "मला खेळता येत नाही हं, मी फक्त बोलायला आलेय."

मी लगेच ताठ झाले. म्हटलं, "हे बघा, निर्णय सगळ्यांनी मिळून घेतलाय."

"हो हो, बरोबरच आहे तुमचं. त्यांनी कुणाची तरी बाग उपटली ना? मीच सांगते त्यांना, बाबा, तुम्ही बाग उपटलीत. आमच्याकडेही उपटली, कुंड्यांतली." मग तिनं सांगितलं, "त्यांना विस्मरणाचा आजार आहे. वर्ष झालं. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत ते. तुम्हाला माहीत नव्हतं ना?"

मी बंदीच्या नोंदी उघडल्या.

"बेटावर असले की बरे असायचे, म्हणून मीही कुणाला कळवलं नाही. तिथं थोडं बिनसलं तरी खेळच तो, कुणाच्या लक्षात येणार, असं वाटायचं. चूक माझीच आहे. मला फक्त एवढंच विचारायचं होतं, तो मजकूर बदलता येईल का? ते रोज सकाळी कंप्युटरपुढे बसतात. मजकूर येतो. तो मोठ्यानं वाचतात. मग मला हाक मारतात, 'चिऊ, मी काय केलं गं? कुणाची बाग?' मी सांगते. रडतात. जेवतात, झोपतात, विसरतात. दुपारी उठले की परत बसतात, आणि परत पहिल्यापासून."

"किती दिवस?" मी विचारलं. मूर्खासारखं. नोंदी माझ्यासमोर होत्या.

"तुम्ही इतकं स्पष्ट लिहिलंय ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "औषधाच्या चिठ्ठीवरचं त्यांना आता कळत नाही. वर्तमानपत्र कळत नाही. हे मात्र दर वेळी पूर्ण कळतं."

२५ मार्च

दुकानात गेले नाही. नवरा बेकरीतून आला तेव्हा मी पलंगावर बसून होते. त्याला सगळं सांगितलं. "मी तुला म्हटलं होतं" असं तो म्हणाला नाही. शेजारी बसला, हाताला पीठ तसंच.

"चिऊ म्हणाले होते ते मला," मी म्हटलं. "जेवलीस का विचारलं होतं. आणि मी बंदी घातली."

दिवसभर मी दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना समजून घेते. माझ्यासमोर रोज एक माणूस हरवत होता आणि मी त्याच्या चुका मोजत बसले. मला माझीच चीड येतेय.

२९ मार्च

परवा कंपासशी कडाक्याचं भांडण झालं. "तूच म्हणाली होतीस ना, नियम सगळ्यांना सारखा? उद्या जो तो आजाराचं कारण सांगेल." मी म्हटलं, सांगू दे. तुझी भूमिती तुझ्याजवळ ठेव. तो माइक बंद करून निघून गेला.

तासाभरानं परत आला. म्हणाला, "धक्का मी बांधतो. काढला मीच होता." धक्क्याच्या जुन्या फोटोंवरून दोन दिवस बांधत बसला. मिरचीनं झोपडीपाशी फुलं लावली, तिला कुणी सांगितलंही नव्हतं. आणि मी बंदी उठवली. मुलीनं त्या दिवसापासून कंप्युटर बंदच ठेवलाय, दोन तारखेला ती स्वतः त्यांना बसवणार आहे. इतक्या दिवसांनी आज पोटभर जेवले.

२ एप्रिल

ते आले. सगळं बेट धक्क्यावर जमलं होतं. सगळ्यांनी एकदम लिहायला सुरुवात केली, या या, नावाडी आला, किती दिवसांनी! पडदा नुसता मेसेजांनी भरून वाहायला लागला.

ते हललेच नाहीत. मग लिहिलं, "हा माझा धक्का नाही."

कंपासनं लिहिलं, "तुमचाच आहे. फोटो बघून बांधलाय."

"ही होडी माझी नाही. तुम्ही कोण सगळे?"

मी सगळ्यांना मागं व्हायला सांगितलं. एकटी पुढं गेले. "मी खारूताई. होडीत बसा ना, मला एक फेरी मारून आणा." आधी त्यांनीच मला हे विचारलं होतं, तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं.

ते धक्क्यावर इकडून तिकडे धावायला लागले. पाण्यात पडले, वर आले, परत पडले. "मला घरी जायचंय" लिहिलं. परत तेच. परत तेच. सगळा पडदा त्या एकाच वाक्यानं भरला आणि मग ते दिसेनासे झाले. मुलीनं कंप्युटर बंद केला होता.

संध्याकाळी ती बोलली. रडून घसा बसला होता तिचा. "तुम्ही खूप केलंत हो. पण आता त्यांना आत घेऊ नका. ते नीट करता येण्यासारखं नाही. तिथं गेले की आपण हरवलोय हे त्यांना कळतं."

"मग दार बंद करू?"

"करा. पण ते उद्या सकाळी बसणारच. सवय आहे ती. बसले की काहीतरी वाचायला लागतं त्यांना."

३ एप्रिल

दिवसभर कागदावर खरडतेय. कारण लिहायचं तर खरं काय आहे? "तुम्ही आजारी आहात" लिहू? रोज सकाळी ते नव्यानं कळेल. "तुम्ही काहीही चूक केली नाही, तरी तुम्हाला येता येणार नाही" लिहू? हे तर त्याहून वाईट. खऱ्यातलं एकही वाक्य असं सापडेना, की जे माणसानं रोज पहिल्यांदा वाचावं.

शेवटी तीन वाक्यं लिहिली. कंपासला दाखवली. त्यानं वाचली आणि म्हणाला, "यातलं एकही खरं नाही."

"नाही."

"पाचव्या नियमात बसत नाही हे. कारण खरं असलं पाहिजे."

"माहीत आहे. मीच लिहिलाय तो."

त्यानं तिन्ही वाक्यं परत वाचली. मग म्हणाला, "लाव."

मी लावलं. "आज बेटावर दुरुस्तीचं काम चालू आहे. होडी जागेवर आहे, काळजी नसावी. उद्या सकाळी या."

७ एप्रिल

मुलीचा फोन आला. आता आम्ही फोनवर बोलतो. म्हणाली, पहिल्या दिवशी वाचलं, मान डोलावली, आणि म्हणाले, "दुरुस्ती काढलीय वाटतं. करायलाच हवी होती." मग चहा मागितला. दुपारी परत बसले, परत वाचलं, परत चहा. रडले नाहीत. काल तर शेजारच्यांना सांगत होते, आमच्याकडे काम चाललंय, उद्या जायचंय मला.

हे ऐकून मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र आवरलं नाही. नवऱ्यानं दुकानात फोन करून सांगितलं, आज ती उशिरा येईल.

बंदीतल्या माणसाला एक ओळ लिहून पाठवता येते. कुणाला म्हणणं मांडायचं असेल तर मांडता यावं, म्हणून ती सोय मीच ठेवून घेतली होती. त्या खणात आज सकाळी नावाड्याची ओळ आली होती. त्यांना चांगला दिवस असावा, एकही चूक नव्हती.

"घाई करू नका. काम नीट होऊ दे. मी उद्या येतो."

मी कितीदा तरी वाचलं. मग उत्तर लिहिलं, "हो. या. आम्ही वाट बघतोय."